खड्डा तोच, रोप नवं

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो. 1972 साली स्टॉकहोमला देशोदेशीच्या सरकारांची मोठी परिषद भरली, ती ज्या दिवशी सुरू झाली तीच ही तारीख. तारीख ठरवणाऱ्यांत महाड-पोलादपूरकडचा एकही मुख्याध्यापक नव्हता. असता तर त्याने जागच्या जागी उठून सांगितलं असतं, "साहेब, तेव्हा आमच्याकडे सुट्टी असते." आमच्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. 5 जूनला शाळेच्या ओट्यावर गावातलं कुत्रं झोपलेलं असतं आणि मुलं असतात रानात. कोणी जांभळीच्या शेंड्यावर, कोणी ओहळात खेकड्याच्या बिळात हात घालून बसलेला, कोणी उरलीसुरली करवंदं हुडकत जाळीत शिरलेला. सारं जग पर्यावरणावर बोलत असतं त्या दिवशी आमची पोरं नेमकी पर्यावरणात असतात. मग शाळा उघडते. त्यांना तिथून बोलावून आणतात, हातपाय धुवायला लावतात आणि पर्यावरण शिकवायला बसवतात.

जून जातो पुस्तकं, गणवेश आणि पटनोंदणीत. त्यामुळे पर्यावरण दिनाचं राहिलेलं देणं जुलैच्या पहिल्या आठवड्यात, वनमहोत्सवात फिटतं. हा महोत्सव कन्हैयालाल मुन्शींनी केंद्रात मंत्री असताना 1950 साली सुरू केला. दिल्लीत बसून पाहिलं तर जुलै हा झाडं लावायला उत्तम महिना आहे. पण पोलादपुरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा जुलैतच उरकतो. इथे त्या महिन्यात माणसं उभी राहतात हेच पुष्कळ, रोपांचं काय घेऊन बसलात!

महाडसारख्या गावात निवृत्त, धडधाकट आणि पावसात यायला तयार असलेल्या माणसाला प्रमुख पाहुणा होण्यावाचून गत्यंतर नसतं. मला असं आमंत्रण पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेतून आलं. शाळेचं नाव सांगत नाही. वर्णन वाचून निम्म्या तालुक्याला ती आपलीच वाटेल आणि उरलेल्या निम्म्याला आपलं नाव का नाही म्हणून वाईट वाटेल. पटावर मुलं नऊ. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आलेली रोपं पन्नास. बॅनरवर माझ्या नावाआधी 'वृक्षप्रेमी' असं छापलेलं. ही पदवी मला कोणी आणि कधी दिली याचा पत्ता नाही, बहुधा छापणाऱ्याकडे मागल्या पाहुण्याची अक्षरं तयार असावीत. बॅनर प्लॅस्टिकचा होता, हे वेगळं सांगायला नको.

पाऊस असा कोसळत होता की समोरचा डोंगरच नाहीसा झाला होता. खड्डा काठोकाठ भरलेला. गुरुजींनी माझ्या हातात रोप दिलं, अंगणवाडीच्या बाईंनी डोक्यावर छत्री धरली. रोप कसंबसं चिखलात उभं केलं, तोच हातात भरलेला तांब्या आला. "सर, पाणी घाला. पाणी घालताना फोटो लागतो." वरून आभाळ ओततंय, खाली खड्डा वाहतोय आणि मधे मी छत्रीखाली उभा राहून तांब्याने रोपाला पाणी पाजतोय. पहिलीतली एक चिमुरडी हा विधी फार गंभीरपणे बघत होती. शेवटी तिने शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, "आजोबास्नी दिसत न्हाय काय?"

शेजारचा मुलगा तिसरीतला, म्हणजे अनुभवी. त्याने तिची समजूत घातली, "फोटू काढूस्तोवर घालायचं असतंय. गेल्या साली पन ह्याच खड्ड्यात घातलं व्हतं."

गुरुजी अजिबात वरमले नाहीत. नंतर चहा पिताना त्यांनी मला खड्ड्याचं अर्थशास्त्र समजावून दिलं. इथे हातभर मातीखाली काळा कातळ लागतो. त्यात धड खड्डा पाडायचा तर पहार, दोन माणसं आणि अर्धा दिवस हवा. असा एक खड्डा साधला की तो जपायचा. रोपं काय, येतात आणि जातात. राज्याने 2016 साली 2 कोटी झाडांपासून सुरुवात केली. मग लक्ष्य 4 कोटी झालं, मग 13 आणि 2019 साली 33 कोटी. देवांच्या संख्येशी बरोबरी झाल्यावर आकडा थांबला. रोपांचे आकडे असे वाढत गेले, पण खड्डे खणणारी माणसं मुंबईला गेलेली. तेव्हा एकाच खड्ड्याने अनेकांना पोटात घ्यावं लागलं, यात त्या खड्ड्याचा काही दोष नाही.

मला गुरुजींची कीव आली, खोटं कशाला सांगू. दोन शिक्षकांची शाळा. त्यातले दुसरे तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. फोटो संकेतस्थळावर चढवायचा तर गुरुजींना आधी मागची टेकडी चढावी लागते, कारण रेंज तिथेच येते. त्यात 2024 च्या 5 जूनला 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम निघाली. मुलाने आईसोबत झाड लावायचं, दोघांचा फोटो पाठवायचा, प्रमाणपत्र मिळवायचं. कल्पना गोड आहे, तिला नावं ठेववत नाहीत. पण जुलै हा आमच्याकडे भाताच्या लावणीचा महिना. त्या मुलांच्या आया पहाटेपासून चिखलात वाकलेल्या होत्या. गुरुजींचा निरोप गेल्यावर त्यांतली एक माउली लावणी अर्धी टाकून, पोटऱ्यांवरचा चिखल ओहळात धुऊन शाळेत आली. मुलाचा हात धरून तिने एक रोप लावलं, फोटो काढू दिला आणि परत जाऊन अंधार पडेपर्यंत उरलेली काही हजार रोपं लावली. प्रमाणपत्र आलं ते त्या एका रोपाचं.

या सगळ्यातून मुलं काय शिकतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर अहवालात आधीच लिहिलेलं असतं. खरं उत्तर मी त्याच शाळेला लागून असलेल्या अंगणवाडीत पाहिलं. पाऊस जरा उघडला होता आणि पडवीत चार-पाच पोरं 'झाड लावायचा' खेळ खेळत होती. एक जण पाहुणा झाला होता, त्याच्या गळ्यात टाकळ्याच्या पानांचा हार. एकीने हातातली पट्टी डोळ्यांपुढे धरून मोबाइल केला होता. एक जण टाळ्या वाजवायला. एक जण मागे बॅनर म्हणून दोन्ही हात पसरून उभा. काडी खुपसली, टाळ्या झाल्या, 'मोबाइल'वालीने "हसा" म्हटलं आणि खेळ संपला. मी विचारलं, "आणि उद्या पाणी कोण घालणार?" सगळे जण माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मला खेळच कळलेला नाही. लहान मुलं पक्की नक्कलखोर असतात. आपण त्यांना झाड दाखवलं असं आपल्याला वाटतं, पण त्यांनी पाहिलेला असतो कार्यक्रम.

चित्रकला स्पर्धेचीही तीच कथा. विषय 'निसर्ग'. पोलादपूरच्या शाळेची खिडकी उघडली की महाबळेश्वर-प्रतापगडाचा अख्खा सह्याद्री आत डोकावतो. पण मुलगा त्या खिडकीकडे पाठ करून दोन त्रिकोण काढतो, मधोमध दात असलेला सूर्य, त्रिकोणांतून नदी, काठी नारळ. नारळ का, तर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या चित्रात होता. या चित्रांत कधी खेकडा नसतो, कधी वणव्याने काळा पडलेला डोंगर नसतो. गिधाड तर नसतंच नसतं. खरं म्हणजे असायला हरकत नाही. महाडच्या प्रेमसागर मेस्त्रींच्या सीस्केप संस्थेने म्हसळ्याच्या चिरगावात गिधाडांची घरटी राखण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. गुरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने देशभरची गिधाडं पटापट मेली, 2006 साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, ही गोष्ट चौथीच्या मुलाला सहज कळण्याजोगी आहे. त्यात रहस्य आहे, विष आहे, तपास आहे. पण गिधाडाच्या चित्राला बक्षीस देणारा परीक्षक अजून जन्माला यायचाय.

हस्तकलेत 'टाकाऊतून टिकाऊ' नावाचा प्रकार असतो. तो मात्र मुलांपेक्षा आईबापांची सत्त्वपरीक्षा घेतो. महाडच्या बाजारपेठेत स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट मिळतं. ज्या काड्यांना आइस्क्रीम कधी शिवलंच नाही, त्या टाकाऊ कशा, हे दुकानदाराला विचारू नये, तो म्हणतो, "शाळेत चालतात." आमच्या शेजारच्या घरात दुसरीतल्या मुलाला पेनस्टँडसाठी रिकामी बाटली हवी होती. घरात रिकामी बाटली नव्हती. तेव्हा रात्री साडेनऊला दोन लिटर थंड पेय आणलं गेलं आणि कुटुंबातल्या चार जणांनी, त्यात मधुमेही आजी, ते कर्तव्यबुद्धीने संपवलं. सकाळी बाटली कापली, तिला चमकी लावली. चमकीही प्लॅस्टिकची. पेनस्टँड वर्गात आठवडाभर टिकला. मग तो टाकाऊ झाला.

या शिक्षणाचा परिणाम होत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. परिणाम होतो, आणि तो मोठ्या माणसांना भोगावा लागतो. पाच ते आठ वर्षांचं मूल शब्दाला शब्द धरून चालतं. त्याला 'प्लॅस्टिक वापरू नका' सांगितलं की 'शक्यतो' हा त्यातला न बोललेला शब्द त्याला ऐकू येत नाही. राज्यात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली. तिची अंमलबजावणी करायला सरकारी पथकं थकली, पण ही पोरं थकलेली नाहीत. मासळीबाजारात एका आजोबांबरोबर आलेली नात, वय फार तर सहा, कोळीणबाईला म्हणाली, "पिशवी देऊ नका, गाय खाते."

कोळीणबाई म्हणाली, "मंग बोंबील काय खिशान नेशील गो?"

नात गप्प बसली नाही. "पूर्वी कशात द्यायच्या?"

आता गप्प बसायची पाळी बाईंची होती. पूर्वी इकडे मटण आणि मासळी सागाच्या पानात बांधून मिळायची, हे तिला आठवत होतं, आजोबांना आठवत होतं आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या बाजाराला आठवत होतं. सागाची पानं आजही डोंगरात फुकट आहेत. आजोबांनी शेवटी डोक्यावरची टोपी पुढे करायची तेवढी बाकी ठेवली.

पोलादपूरच्या वाड्यांवर हा संघर्ष जास्त चिघळतो, कारण तिथे तो आजीच्या शेतात शिरतो. फाल्गुन-चैत्रात आजी राब भाजते. झाडांच्या फांद्या तोडून आणलेलं कवळ, शेण, पातेरा असे थर लावायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. तण जळतं, जमीन तयार होते आणि पावसाच्या तोंडावर त्यात भाताचं किंवा नाचणीचं बी पेरतात. नेमक्या त्याच दिवसांत शाळेत नातवाने शपथ घेतलेली असते की झाड तोडणार नाही, पालापाचोळा जाळणार नाही. तो बांधावर उभा राहून आजीला आरोपीसारखं विचारतो, "आजी, धूर करत्येस तू?"

आजी म्हणते, "राब न्हाय भाजला तर दुपारचा भात कुठनं गिळशील रं?"

इथे मी आजीच्या बाजूचा आहे. पुस्तकाने सगळ्या आगींना एकाच ओळीत उभं केलं, ही पुस्तकाची चूक. राबाची आग आजीच्या डोळ्यांसमोर असते, हातात ओली फांदी घेऊन ती तिच्याभोवती फिरत असते. तिला तिची हद्द ठाऊक असते. खरा गुन्हा होतो समोरच्या डोंगरावर. गवत चांगलं फुटतं म्हणून, ससा बाहेर पडतो म्हणून, किंवा हातात काडेपेटी आहे म्हणून कोणीतरी वणवा लावतो आणि रात्री डोंगराच्या कडेने लाल माळ पेटत जाते. त्यात जुलैचं रोप जातं, करवंदीची जाळी जाते, पाखरांची अंडी जातात. नातू आजीला जाब विचारतो, कारण आजी हाताशी सापडते. वणवा लावणारा कोण हे अख्ख्या गावाला माहीत असतं, आणि म्हणूनच ते कोणी पोराला सांगत नाही.

मे महिन्यात मुंबई-ठाण्याची नातवंडं येतात, तेव्हा तर आजीची धडगत नसते. ही मुलं इंग्रजी शाळेत कार्बनचा हिशेब शिकून आलेली. वातानुकूलित गाडीतून पावणेदोनशे किलोमीटर येऊन ती आजीच्या चुलीच्या धुराबद्दल काळजी व्यक्त करतात. येताना ज्या महामार्गाने येतात, त्याच्या चौपदरीकरणात कडेचे जुने वड आणि आंबे किती गेले, हे त्यांना दिसत नाही, कारण त्यांनी ते उभे पाहिलेच नाहीत. चार दिवसांनी मात्र तीच मुलं ओहळातल्या उरल्यासुरल्या पाण्यात उताणी पडलेली असतात, पायांना काही चावलं म्हणून ओरडतात आणि पुन्हा तिथेच जातात. पाचव्या दिवशी चुलीवरच्या भाकरीवरून भांडणं होतात आणि कार्बनचा विषय मागे पडतो.

बॅनरशिवाय, शपथेशिवाय, प्रमाणपत्राशिवाय मुलांनी निसर्ग राखल्याचं उदाहरण हवं असेल तर महाड तालुक्यातच वाळणकोंडला जा. रायगडाच्या बाजूला, काळ नदीतला हा डोह. काठावर देवी. डोहातले मासे देवीचे, म्हणून ते कोणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि पाण्यात हातभर लांबीचे महसीर उसळतात, एकमेकांच्या पाठीवरून चढतात. एरवी ओहळातला एक मळ्याही न सोडणारी पोरं इथे हात मागे बांधून उभी राहतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जंगलाच्या बाबतीत हेच लिहिलं: जिथे देवाचा धाक, तिथे झाडं उभी. शास्त्रज्ञांना ते शोधून काढावं लागलं. आमच्या पोरांना आजीने एका वाक्यात सांगितलेलं असतं की देवीचा मासा खाल्ला तर रक्त ओकशील. वाक्य अशास्त्रीय आहे, बालमानसशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाही. पण मासे आहेत.

मी एकदा एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर तिथे गेलो होतो. चुरमुरे संपल्यावर त्यांच्या पहिलीतल्या मुलाने विचारलं, "हे मासे इथून खाली पोहत गेले तर?"

"तर काय?"

"तर तिकडेही देवीचेच का?"

वडील म्हणाले, "चल, उशीर झाला."

मुलाचा प्रश्न हद्दीचा होता. हीच काळ नदी पुढे बिरवाडीकडे उतरते आणि सावित्रीला मिळते. त्या बाजूला रसायनांचे कारखाने आहेत. महाडच्या मुलांना वारा कोणत्या दिशेचा आहे हे ओळखायला वातकुक्कुट लागत नाही, नाक पुरतं. देवीचा धाक डोहाला पुरतो, औद्योगिक वसाहतीला पुरत नाही, तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा लागतो. आणि त्या धाकाबद्दल मुलाला काय सांगायचं हे वडिलांना खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

सावित्रीत मगरी आहेत. महाडला नदीकाठी त्या ऊन खात पसरलेल्या दिसतात. त्यांच्या संवर्धनाविषयी मुलांना फारसं सांगावं लागत नाही, दोन्ही बाजू आपणहून अंतर राखतात. पुराचंही तसंच. गांधारी आणि सावित्री एकदम चढल्या की शहर पाण्यात जातं, आणि नदीत टाकलेली प्रत्येक पिशवी नदी घरपोच परत आणून देते, तीही वर गाळ घालून. जुलै 2021 मध्ये हे इतकं झालं की आजही बाजारपेठेत भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा मुलं एकमेकांना आपल्या उंचीशी मोजून दाखवतात. त्याच पावसात 22 तारखेला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथे विनोद थांबतो. डोंगर का सरकतो, पाणी कुठून जिरतं, झाडाचं मूळ माती कशी धरतं, हे या तालुक्यांतल्या मुलाला त्रिकोणी डोंगराच्या चित्राऐवजी सांगायला हवं आणि नीट सांगायला हवं. सात वर्षांच्या मुलाला ते कळतं. त्याने बांध फुटताना पाहिलेला असतो.

आणि पाण्याविषयी शिकवायचं तर महाडइतकं धडधडीत पुस्तक दुसरं नाही. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांना बसवा आणि सांगा की 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह इथलं ओंजळभर पाणी प्यायलं, कारण गुरंढोरं ते पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंदी होती. 'पाणी वाचवा' ही घोषणा त्यानंतर द्या. कोणासाठी वाचवायचं ते मुलांना आधी कळलेलं बरं.

मुलांना घराबाहेर, हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवावं, हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली आणि पुढे 1957 साली अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर मुक्काम हलवला. माँटेसोरीची लाकडी साधनं महाग, म्हणून त्यांनी चिंचोके, शिंपले, खडे, पानं आणि बिया घेतल्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दंड केला नाही, शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. अंगणवाडी या कल्पनेचं मूळही त्यांच्याकडेच जातं. तिची सरकारी योजना सुरू झाली ती 1975 साली. आज त्या अंगणवाडीच्या भिंतीवर पेंग्विन, जिराफ आणि सफरचंद रंगवलेलं असतं आणि बाहेर आंब्यावर बसलेली वानरं खिडकीतून आत पाहत असतात. पेंग्विन पाहून त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

तर, त्या वाडीवरच्या शाळेत मला एक झाड खरोखर वाढलेलं दिसलं. स्वयंपाकाच्या खोलीमागे, मुलं खिचडी खाऊन ताटल्या विसळतात तिथे. रायवळ आंबा, माझ्या खांद्याला लागेल एवढा, पानं तुकतुकीत. "हा कोणत्या वर्षीचा?" मी गुरुजींना कौतुकाने विचारलं. गुरुजी जरा ओशाळले. म्हणाले, "हा लावलेला नाही, सर. कोणीतरी कोय थुंकली असेल." कोय थुंकणाऱ्याचा फोटो उपलब्ध नाही. रोज नऊ ताटल्यांचं पाणी त्याला मिळतं. मुलं सतत तिथे असतात म्हणून शेळ्या फिरकत नाहीत. सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आपल्या घरची भांडी तिथेच घासतात, कारण घर लागूनच आहे. आणि प्रत्येक पोराला ते झाड आपलं वाटतं. त्यावरून एकदा मारामारीही झाली म्हणे. मुख्य खड्ड्यातल्या रोपावरून अजून कोणी कोणाला चिमटाही काढलेला नाही.

यातून मला जे सुचलं ते सरळ आहे. पोलादपूरसारख्या ठिकाणी जुलैत लावलेलं रोप जुलैत मरत नाही. ते मरतं मार्च ते मे या काळात. तीन हजार मिलिमीटर पाऊस डोंगरावरून धावत समुद्राला जातो आणि एप्रिलमध्ये याच तालुक्यांतल्या वाड्यांवर टँकर येतो. रोपाच्या वाट्याला तेव्हा शेळी येते, वणवा येतो आणि मे लागताच शाळेला कुलूप. जुलैचा पाहुणा या तिघांपैकी कोणालाही भेटत नाही.

म्हणून शिक्षणखात्याला, सरपंचांना आणि तमाम 'वृक्षप्रेमीं'ना माझी विनंती आहे. रोपं जुलैत लावा, पण गाजावाजा न करता, पाच मुलांत एक, ताटल्यांच्या पाण्याजवळ. पन्नास नकोत. पाहुणा, फोटो आणि भाषण हे सगळं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा, भर दुपारी. जे रोप जिवंत असेल त्याच्याशेजारी त्याच्या मुलांना उभं करा आणि फोटो काढा, मेलेलं असेल तर पाहुण्याला परत पाठवा. गाडीतून चाकरमानी येतच असतात, त्यांच्या नातवंडांना मे महिनाभर एकेक रोप वाटून द्या. चाकरमानी मंडळींनो, तुमच्या घरातला पोरगा कार्बनवर फारच बोलत असेल तर त्याला यंदा गावी पाठवाच. येताना त्याच्याबरोबर एक बादली द्या, इकडच्या शाळेतली गळते.